हिचा खर्च कुठल्या खात्यात?

गेली काही वर्षं मी एका राज्यात राहते आहे. ते कुठल्याच नकाशावर नाही. त्याच्या दोन नद्या मी आखल्या, मीठ कुठल्या घाटानं वर चढतं ते ठरवलं. राजा निपुत्रिक गेला तर गादी कोणाकडे जावी, यावर तर आठवडेच्या आठवडे घालवले. कादंबरीचा पहिला खर्डा झाला तेव्हा त्यात राजा होता, राणी होती, प्रधान होता, एकमेकांवर डूख धरून बसलेली तीन सरदार घराणी होती. आणि 'ती' होती, राजाची प्रेयसी. दीड पानापुरती. रात्री पडदा हलायचा, ती राजाच्या कानाशी काहीतरी बोलायची आणि सकाळी एका प्रामाणिक माणसाचं पद गेलेलं असायचं. तिला नाव नव्हतं. ते द्यायला हवं असं मला वाटलंही नव्हतं.

खर्डा ताईनं वाचला. ताईची सगळी नोकरी जमाखर्चाच्या वह्यांत गेली, त्यामुळे ती गोष्टसुद्धा हिशेब तपासावा तशी वाचते. लढायांबद्दल ती काही बोलली नाही. त्या दीड पानाच्या समासात मात्र पेन्सिलीनं एकच ओळ होती: 'हिचा खर्च कुठल्या खात्यात पडतो?'

मी त्या ओळीपाशी थांबले आणि तिथून पुढे काही केल्या सरकता येईना. राणीचा खर्च मला माहीत होता, तिच्या नावानं चार गावं लावून दिली होती. प्रधानाचं वेतन ठरलेलं होतं. हत्तींच्या चाऱ्याचासुद्धा आकडा माझ्याकडे होता. हिच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी कोणाचा, तिच्या खोलीतलं तेल कुठून येतं, ती आजारी पडली तर राजवैद्यानं जायचं की नाही, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे माझ्या राज्यात ती राहतच नव्हती. मला वाईट वाटलं ते याचं, की इतकी वर्षं त्या वाड्यात हिंडूनही तिच्या दारावरून मी एकदाही गेले नव्हते.

मग मी खरे दरबार वाचायला घेतले.

पहिली अडचण शब्दाची. आपल्याकडच्या जुन्या कागदांत 'नाटकशाळा' हा शब्द येतो. आज तो वाचून नाटकाची शाळा डोळ्यांपुढे येते, पण त्या काळी तो जिवंत माणसासाठी होता. 'रक्षा', 'अंगवस्त्र', 'उपस्त्री' हे आणखी शब्द. 'अंगवस्त्र' या शब्दाचा तर मला मनापासून राग येतो. खांद्यावर घ्यायचं, उकडलं की काढून ठेवायचं. राजपुतांच्या दरबारात 'पासवान' हा दर्जा होता, म्हणजे जी पाशी असते ती. फ्रान्समध्ये तर हे सरळ पदच होतं, 'मेत्रेस-आँ-तीत्र', राजाची हुद्द्यावरची प्रेयसी. पंधराव्या शतकातल्या सातव्या चार्ल्सची आन्येस सोरेल ही तिथली अशी उघडपणे मान्यता मिळालेली पहिली स्त्री मानतात. १४५० मध्ये, तिशीच्या आतच ती गेली. साडेपाचशे वर्षांनी तिचे अवशेष तपासले तेव्हा त्यांत पारा सापडला, फार मोठ्या प्रमाणात. औषध म्हणून दिलेला की विष म्हणून, हे तो पारा सांगत नाही.

शब्द नुसता शब्द राहत नाही, त्यावर पुढची पिढी उभी असते किंवा कोसळते. मस्तानीला बायको म्हणायचं की नाटकशाळा, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी गेला. मरताना तो पेशव्यांच्या बाजूचा होता याबद्दल कोणाला शंका नव्हती. घरातल्या त्याच्या जागेबद्दल मात्र जन्मभर होती.

मी आधी समजत होते की अशा बायका मागच्या दारानं यायच्या. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात उलट होतं. तिथे तिला पुढच्या दारानं, विधिवत, सगळ्यांच्या देखत आणावं लागे. कोणा मानकरी स्त्रीनं तिला राजापुढे, मग राणीपुढे सादर करायचं आणि त्या क्षणापासून ती दरबारची. त्यासाठी घराणं लागे, किताब लागे. जान-आंत्वानेत प्वासाँ ही सामान्य घरातली मुलगी. पंधराव्या लुईनं तिच्यासाठी पाँपादूर नावाची जहागीर मिळवली आणि सप्टेंबर १७४५ मध्ये ती मार्कीझ म्हणून दरबारात उभी राहिली. त्याच राजाची पुढची प्रेयसी द्यु बारी. तिच्यासाठी तर घाईनं एका सरदार घराण्यातल्या माणसाशी लग्न लावलं गेलं. तिला आधी ज्यानं ठेवलं होतं त्याचाच तो भाऊ. कागदपत्रं सोयीनं बनवून घेतली, नवरा नावापुरता राहिला आणि १७६९ मध्ये तिचं सादरीकरण झालं. राजाच्या पलंगापर्यंत जायला आधी दुसऱ्या कोणाची बायको असणं गरजेचं! हे वाचलं त्या रात्री मी माझ्या राज्याचे विवाहाचे नियम पुन्हा लिहायला घेतले.

त्याच द्यु बारीशी मारी आंत्वानेत बोलेना. ती तेव्हा युवराज्ञी होती, ऑस्ट्रियाहून आलेली, पोरसवदा, मानी. पण ती न बोलणं म्हणजे राजाचा अपमान, आणि राजाचा अपमान म्हणजे ऑस्ट्रिया-फ्रान्स मैत्रीला धोका. व्हिएन्नाहून तिच्या आईची पत्रं येत राहिली, ऑस्ट्रियाचा वकील समजावत राहिला. शेवटी १ जानेवारी १७७२ रोजी तिनं तोंड उघडलं: आज व्हर्सायला पुष्कळ माणसं आहेत. एवढंच वाक्य. दोन साम्राज्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी स्वतः दीड पानात जिची बोळवण केली होती तिच्याशी कोण बोललं आणि कोण नाही, यावर तहनामे लोंबकळत होते.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतली ती पाँपादूर. तिची सुरुवातीची दालनं वर, छपराजवळ होती आणि खासगी जिन्यानं राजाकडे जाता येई. त्या जिन्याचा मी फार विचार केला. दरबारात पैसा, जमीन, किताब यांना किंमत असतेच, पण या सगळ्यांच्या आधी लागते ती राजाची गाठ. ज्याला राजाची पाच मिनिटं मिळतात त्याचं काम होतं. ती पाच मिनिटं तिच्या हातात होती. सकाळी ती वेणीफणी करत असताना मंत्री, वकील, अर्जदार येऊन उभे राहत. कोणाचा भाचा पलटणीत लागावा, कोणाची थकलेली पेन्शन सुटावी, कोणा लेखकावरची बंदी उठावी. माझ्या खर्ड्यात ती 'कानाशी बोलायची'. प्रत्यक्षात ती दिवसभर ऐकून घेत होती, आणि त्यातलं राजाला काय सांगायचं, केव्हा सांगायचं, काय गिळून टाकायचं हे ठरवत होती. अर्जदारांची ही रांग रोज संपवणं हे कष्टाचं काम आहे.

आणि राजाला रमवणं. पंधरावा लुई उदास प्रकृतीचा, चटकन कंटाळणारा. तिनं राजवाड्यातच छोटं नाट्यगृह उभारलं, स्वतः भूमिका केल्या, गायली. तब्येत नाजूक असताना शिकारीच्या मुक्कामांवर, प्रवासांत, रात्रीच्या जेवणांत ती हसतमुख राहिली. १७५० च्या सुमारास त्यांचे शरीरसंबंध संपले. सगळ्यांना वाटलं, आता ही जाणार. ती गेली नाही. त्यानंतर चौदा वर्षं, १७६४ मध्ये मरेपर्यंत, ती तिथेच होती, आधीपेक्षा जास्त वजनानं. १७५५ मध्ये ऑस्ट्रियाला फ्रान्सशी गुप्तपणे बोलायचं होतं तेव्हा त्यांनी परराष्ट्रमंत्र्याला वळसा घालून तिच्यामार्फत राजापर्यंत निरोप पोचवला. सेव्ह्रच्या चिनीमातीच्या कारखान्यामागे, पॅरिसच्या सैनिकी शाळेमागे तिचा आग्रह होता. पॅरिसमधला तिचा वाडा म्हणजे आज फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राहतात ते एलिझे.

ही चौदा वर्षं मला सुटत नव्हती. शरीराचं आकर्षण संपल्यावर राजा तिला का ठेवतो? सवय म्हणून, प्रेम म्हणून, ही उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. माझ्या राजाच्या अंगात शिरून पाहिलं तेव्हा मला ते कळलं असं वाटतं. त्याच्या भोवतीचं प्रत्येक माणूस आणखी कोणाचं तरी आहे. राणी दुसऱ्या राज्याची लेक आहे, तहाबरोबर आलेली. तिचा प्रत्येक शब्द माहेरी पोचू शकतो. प्रधानाला मुलगे आहेत, त्याला आपलं घराणं राजापेक्षा जास्त जगवायचं आहे. सरदारांना जमिनी आहेत. राजपुत्र तर राजाच्या मरणाचीच वाट पाहतो, भले तो स्वतःशीही कबूल करणार नाही. या सगळ्यांना 'उद्या' आहे. एकट्या तिला नाही. राजा गेला की ती कोणीच नाही. म्हणूनच अख्ख्या राज्यात राजानं जगावं असं अगदी मनापासून, पोटातून वाटणारी ती एकटी आहे. राजा तिच्यावर विश्वास टाकतो तो ती सुंदर असल्यामुळे नाही. तिला दुसरी वाट नसल्यामुळे टाकतो.

हे लक्षात आलं तेव्हा लिहिणं थांबवून मी खोलीभर येरझाऱ्या घातल्या. जी गोष्ट मी तिचं दुबळेपण समजत होते तीच तिची नेमणूक होती.

मग तिची 'हाव'सुद्धा वेगळी दिसायला लागली. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची अ‍ॅलिस पेरर्स. तिनं जमिनींमागून जमिनी गोळा केल्या. १३७६ च्या पार्लमेंटनं तिला दरबारातून घालवलं, ती परतली, आणि पुढच्या वर्षी राजा वारल्यावर तिच्यावर खटला होऊन मालमत्ता जप्त झाली. मरत्या राजाच्या बोटांतल्या अंगठ्या तिनं काढून घेतल्या, असं एका मठवासी बखरकारानं लिहून ठेवलं आहे. खरं असेल, नसेलही. पण क्षणभर खरंच धरलं, तरी मला ती अंगठ्या ओढणारी बाई लुटारू दिसत नाही. तास-दोन तासांत आपल्याला या वाड्यातून बाहेर काढणार हे जिला ठाऊक आहे, तिनं आणखी काय करावं? राजपुत्राला गादी मिळणार होती, सरदारांची गावं जागच्या जागी राहणार होती. त्यांना अंगठ्या काढण्याची गरजच नव्हती. उरलेलं आयुष्य अ‍ॅलिस पेरर्स आपल्या जमिनींसाठी भांडत राहिली.

दोष झेलणं हेही तिच्याच कामात येतं. राजाला वाईट म्हणता येत नाही, तो ईश्वराचा अंश. मग कर वाढले, युद्ध हरलं, दुष्काळ पडला की राजा भला, पण 'तिनं' बिघडवला. आठव्या शतकात चीनमध्ये आन लू-शान या सेनापतीनं बंड केलं. सम्राट श्वानत्सुंग राजधानी सोडून पळाला. ७५६ मध्ये मावेईच्या टप्प्यावर त्याच्याच पहाऱ्याचे सैनिक अडून बसले: सम्राटाच्या लाडक्या यांग ग्वेफेईला मारा, मगच पुढे येतो. त्या सेनापतीला वर कोणी चढवलं होतं? सम्राटानं. सीमेवरची एवढी फौज त्याच्या हाती कोणी दिली होती? सम्राटानं. गळा तिचा आवळला गेला. पाँपादूरच्या माहेरच्या आडनावाचा अर्थ मासा, त्यावरून तिच्याविरुद्ध घाणेरडी कवनं रचली गेली आणि ती दरबारातूनच पॅरिसच्या रस्त्यांवर गेली. आपल्याकडे जोधपूरचे महाराजा विजयसिंह यांची पासवान गुलाबराय. तिनं बांधलेला गुलाबसागर तलाव आजही जोधपुरात आहे. १७९२ मध्ये सरदारांनी तिचा खून करवला. राजावर राग होता, पण राजावर हात टाकणं म्हणजे द्रोह.

माझ्याही पहिल्या खर्ड्यात प्रामाणिक माणसाचं पद गेलं ते तिच्यामुळे. फर्मानावर सही राजाची होती, मीच ती लिहिली होती, आणि तरी वाचणाऱ्याचा राग तिच्यावर जाईल अशी वाक्यं मीच रचली होती. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. बखरकारांचा हात इतका सहज माझ्या हातात आला याचा मला अजून त्रास होतो.

राण्यांबद्दलही लिहायला हवं, कारण एकीला न्याय द्यायचा म्हणून दुसरीला खलनायिका करणं हा त्याच जुन्या चुकीचा दुसरा फेरा होईल. दुसऱ्या चार्ल्सची नवी राणी ब्रगान्झाची कॅथरीन १६६२ मध्ये इंग्लंडात आली. राजानं आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्याच शयनगृहाची मानकरी नेमायचं ठरवलं. पुढे उभी असलेली बाई कोण हे कळताच राणीच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. परक्या देशात, भाषा येत नसताना. राजानं हट्ट सोडला नाही, तिच्याबरोबर आलेल्या माणसांतली बहुतेक परत पाठवली, आणि राणीला मान तुकवावी लागली. बार्बरा काय वाटून तिथे उभी असेल हे मला ठाऊक नाही. त्या खोलीत दोघींना आणून उभं करणारा मात्र एकच होता.

नेहमी असंच होतं असंही नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या वाड्यात विरूबाई होत्या. राणी नव्हत्या, पण वाड्याचा कारभार त्या पाहत आणि राण्याही त्यांचा मान राखत. पुढे अक्कलकोटचे झालेले फत्तेसिंह भोसले यांचा सांभाळ त्यांनी केला. १७४० मध्ये त्या गेल्या. कट नाही, विष नाही, जिन्याच्या गोष्टी नाहीत. घर चालवणारी एक बाई. माझ्या राज्यातली ती आता दिसायला मला विरूबाईंसारखी दिसते, म्हणजे मी त्यांना कल्पिते तशी: कमरेला किल्ल्या, आवाज हळू, आणि कोणाच्या मुलाला ताप आहे ते लक्षात ठेवणारी.

तिनं हे निवडलं का, हा प्रश्न मी टाळत होते. राजा 'ये' म्हणतो तेव्हा 'नाही' म्हणण्याची काय किंमत असते? आणि ती किंमत एकट्या मुलीनं चुकवायची की तिच्या बापानं, भावांनीही? उस्मानी राजवाड्यातली हुर्रेम गुलाम म्हणून पकडून आणलेली मुलगी. पुढे सुलतान सुलेमाननं तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं आणि जग चकित झालं. पण तिच्या पहिल्या रात्रीला प्रेमकथा म्हणायला माझी लेखणी धजत नाही. त्या राजवाड्यात अंतःपुरातल्या बायकांचा रोजचा भत्ता वहीत लिहिलेला असे, रोजाची इतकी नाणी. ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खातं होतं." मग थोड्या वेळानं, "पण खातं बंद करायचा हक्क तिला नव्हता."

सगळ्यांत जास्त मला छळतं ते राजाचं आजारपण. ऑगस्ट १७४४ मध्ये पंधरावा लुई युद्धावर असताना मेत्झला मरणाच्या दारात पोचला. तेव्हाची त्याची प्रेयसी डचेस द शातोरू सोबत होती. धर्मगुरूंनी सांगितलं, ती निघून गेल्याशिवाय पापक्षालन नाही. तिला हाकलण्यात आलं. राजा बरा झाला, पुढे तिला परत बोलावलंही, पण डिसेंबरात तीच वारली. तीस वर्षांनी, मे १७७४ मध्ये, त्याच राजाला देवी आल्या. द्यु बारी त्याच्या खोलीत थांबून त्याची शुश्रूषा करत होती. मग एका संध्याकाळी तिला बग्गीत बसवून पाठवून दिलं, कारण आता राजाला देवापुढे जायचं होतं. ज्या पापाला दोघं लागतात, त्यातल्या एकाला क्षमा आणि दुसरीला बग्गी. १७९३ मध्ये क्रांतीनं तिला गिलोटिनवर चढवलं.

या सगळ्यात एक आवाज वेगळा आहे. दुसरा चार्ल्स १६८५ मध्ये मरताना भावाला म्हणाल्याची नोंद आहे, की बिचाऱ्या नेलीला उपाशी मरू देऊ नका. नेल ग्विन, नाटकात काम करणारी. भावानं शब्द पाळला, तिची कर्जं फेडली, वर्षासन बांधून दिलं. दोनच वर्षांनी ती गेली. एका राजाला शेवटच्या घटकेला तिच्या जेवणाची आठवण होते आणि आपल्याला ते वाचून भरून येतं. पण आयुष्यभराच्या सोबतीनंतर ती उपाशी मरू शकते, हे त्यालाही माहीत होतं. ते वाक्य मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा मला आधी माया दिसते आणि मग ती भीती.

माझ्या नव्या खर्ड्यात तिचा खर्च 'दिवाबत्ती'त पडतो. फडावरच्या लोकांना तिच्यासाठी खातं उघडता येईना, कारण खात्याला नाव द्यावं लागतं. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी एका कारकुनानं तो आकडा दिवाबत्तीत घातला, आणि तो तिथेच वाढत गेला. कोणी परका हिशेब तपासेल तर त्याला वाटेल, या वाड्यात रात्री भलताच उजेड असतो.

शेवटचा प्रसंग मी चार वेळा लिहिला आहे. राजाला नववा दिवस. राजवैद्य बाहेर येतो, प्रधानाशी काही न बोलता हात पुसतो. प्रधान राजपुत्राच्या दालनाकडे बघतो. ती खांबाशी उभी आहे. तिला कोणी काही सांगत नाही, आणि तिला सगळं कळतं. ती आपल्या खोलीत जाते, पेटी उघडते, बंद करते. तेवढ्यात दाराशी फडावरचा म्हातारा कारकून येतो, तोच, पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्याला हे काम नकोसं झालं आहे, तो खाली बघून बोलतो. दिवाबत्तीतली ती ओळ उद्यापासून बंद, आजपर्यंतचं पावतं झालं म्हणून सही हवी. ती समई पुढे ओढते. वही आजवर तिनं कधी पाहिलेली नाही, ती पानं मागे उलटत जाते, वर्षामागून वर्षं, तेल, वाती, तेल, वाती. कारकून घाई करत नाही. मग तो शेवटच्या पानावर बोट ठेवून जागा दाखवतो.

तिथे लिहायला मला आता तिचं नाव हवं आहे.